लाल पानांची कडू भाजी आणि रक्त पातळ करणारी गोळी

दिवाळी जवळ आली, की अमळनेरच्या अंगणांतून मेथी-पालकाचे वाफे तयार होऊ लागतात. त्या वाफ्यांशेजारी यंदा एखादी नवी भाजी लावण्याची हौस आपणांस असेल, तर रॅडिकिओचा विचार करावा. ही मूळची उत्तर इटलीतील भाजी. फिल्टर कॉफीत ज्या चिकोरीच्या मुळांची पूड मिसळतात, तिचीच ही बहीण. गड्डा गोल, पाने गडद लाल, शिरा पांढऱ्या. पाहताक्षणी लाल कोबीच वाटावी. चव मात्र चांगलीच कडू असते.

आपल्याकडे तिला हिवाळ्याचेच दिवस मानवतात. बियाणे ऑनलाइन मिळते. ऑक्टोबरच्या अखेरीस सावलीतील ट्रेमध्ये बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. चार-पाच आठवड्यांनी रोपाला चार-पाच पाने आली, की ते कुंडीत हलवावे. खानदेशातील काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कुंडी एक फूट खोल असावी व कमरेच्या उंचीच्या ओट्यावर ठेवावी, म्हणजे वाकावे लागणार नाही. सकाळचे ऊन व बेताचे पाणी पुरते. रात्री थंड होऊ लागल्या, की पानांवर लाली चढते आणि जानेवारीच्या सुमारास गड्डा भरतो. फेब्रुवारीत ऊन तापले, की तुरा येऊन पाने अधिकच कडू होतात. म्हणून काढणी लांबवू नये. गड्डा बांधला गेला नाही, तरी सुटी पाने खाता येतात.

आता पथ्याचा विचार. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या, तसेच हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या अनेक ज्येष्ठांना वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. रक्त गोठवणारे घटक तयार करण्यासाठी यकृताला ‘के’ जीवनसत्त्व लागते. ही गोळी नेमके तेच काम रोखते. त्यामुळे आहारातील ‘के’ अचानक वाढले, तर गोळीचा परिणाम घटून गुठळी होण्याचा धोका वाढतो. ते अचानक कमी झाले, तर रक्तस्रावाची भीती वाढते.

येथेच लाल रंग फसवतो. हिरव्या भाज्यांबाबत घरचे लोक सावध असतात, पण लाल पानांकडे कोणी संशयाने पाहत नाही. प्रत्यक्षात १०० ग्रॅम लाल कोबीत ‘के’ सुमारे ४० मायक्रोग्रॅम असते, तर तेवढ्याच रॅडिकिओत सुमारे २५०. शिजवल्यानेही ते नष्ट होत नाही.

याचा अर्थ पालेभाज्या वर्ज्य कराव्यात असा नव्हे. त्या नेमाने व सारख्याच प्रमाणात खाव्यात. परसबागेत सगळे बी एकाच दिवशी पेरले, तर एका आठवड्यात भाजीची रेलचेल होते आणि पुढच्या आठवड्यात वाफा रिकामा पडतो. त्याऐवजी दर दहा-बारा दिवसांनी मूठभर मेथी पेरावी. रॅडिकिओचीही दोन-तीन रोपे आठवड्याच्या अंतराने लावावीत. बागेचा हा नेम पोटालाही नेम लावतो. नवी भाजी ताटात येण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे व आयएनआर तपासणी कधी करावी, हे विचारून घ्यावे. गोळीची मात्रा स्वतः बदलू नये. हिरड्यांतून रक्त, काळसर शौच किंवा विनाकारण निळे डाग दिसल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. रक्त पातळ करणाऱ्या काही नव्या गोळ्यांना ‘के’चे हे पथ्य लागत नाही, म्हणून घरात कोणती गोळी चालू आहे, हे काळजी घेणाऱ्याला नावानिशी ठाऊक असावे.

आणखी एक सूचना. गाजरगवताच्या स्पर्शाने ज्यांच्या अंगावर पुरळ उठते, त्यांनी ही पाने जपून हाताळावीत. दोन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत.

पाने बारीक चिरून अर्धा तास थंड पाण्यात ठेवली, की कडूपणा उतरतो. मग लिंबू व शेंगदाण्याचा कूट घालून कोशिंबीर करावी. दात साथ देत नसतील, तर तीच पाने तुरीच्या वरणात मऊ शिजवून लसणाची फोडणी द्यावी. भाकरीबरोबर ती सहज उतरतात.