अंगणात ट्रॅम्पोलीन घेताना

परीक्षा संपून सुट्टी लागली की मुलांच्या मागण्यांची यादी वाढू लागते. पूर्वी तीत झोपाळा, सायकल नि बॅट-चेंडू असे. आता ज्यांच्या घराभोवती थोडी मोकळी जागा आहे, अशा कुटुंबांत ट्रॅम्पोलीनचेही नाव ऐकू येते. एखाद्या क्रीडाकेंद्रात दहा मिनिटे मनसोक्त उड्या मारून आलेले मूल ‘आपल्याकडे हे का नाही?’ असे विचारते, आणि आईवडिलांपाशी तयार उत्तर नसते.

हे साधन मुळात कसरतपटूंचे. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या जॉर्ज निसेन ह्या तरुणाने सर्कशीतील कलावंत खेळाच्या शेवटी खालच्या जाळीत पडून पुन्हा उसळताना पाहिले, आणि १९३६ च्या सुमारास लॅरी ग्रिसवोल्ड ह्यांच्या साहाय्याने लोखंडी चौकटीवर ताणलेले कापड बसवून पाहिले. सूर मारण्याच्या फळीला स्पॅनिश भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्याला नाव मिळाले. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून ह्या खेळाला पदकेही मिळू लागली. परंतु त्या खेळाडूंपाशी प्रशिक्षक असतो. आपल्या अंगणात शेजारची चार मुले असतात.

म्हणून खरेदीपूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली ह्या विषयाचा आढावा घेऊन घरगुती ट्रॅम्पोलीनचा वापर करू नये, असाच सल्ला दिला. एकूण दुखापतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेक जण उड्या मारीत असताना झाल्या होत्या. ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. थोरला भाऊ कापडावर आदळतो तेव्हा कापड खोल दबते आणि मग जोराने वर येते. नेमक्या त्याच क्षणी धाकटी बहीण खाली येत असेल, तर तिच्या पायांना मऊ कापड नव्हे, वर उसळणारा कठीण पृष्ठभाग भेटतो. लहान मुलांच्या नडगीचे हाड गुडघ्याखाली मोडते ते पुष्कळदा असे. मूल खाली पडलेलेही नसते. शिवाय कोलांटउडीत मानेवर भार आला तर होणारी इजा जन्मभराची असू शकते.

तेव्हा घरातील मूल सहा वर्षांहून लहान असेल, तर हा विचार तूर्त बाजूस ठेवावा, असे आमचे मत आहे. त्याहून मोठी मुले असतील आणि ‘एका वेळी एकच’ हा नियम पाळून घेण्याइतका वेळ घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसापाशी असेल, तरच पुढे जावे. नुसते जवळ बसून वर्तमानपत्र वाचणे पुरेसे नाही. त्याच आढाव्यानुसार तिसरा हिस्सा ते निम्मे अपघात मोठ्यांच्या देखत झाले आहेत.

निवड करताना प्रथम जागा पाहावी, मग दुकान. जमीन सपाट आणि हिरवळीची वा मऊ मातीची हवी; शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर ट्रॅम्पोलीन ठेवू नये, आणि गच्चीवर तर मुळीच नाही. चहूबाजूंनी दोनेक मीटर जागा मोकळी असावी. वर आंब्याची फांदी, विजेची तार, कपडे वाळत घालण्याची दोरी, यांपैकी काहीही नको. आठ फुटांचे ट्रॅम्पोलीन म्हणजे आठ फुटांची जागा, हा हिशेब येथेच फसतो. तसेच त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा ही सांगाड्याच्या ताकदीची असते. तेवढ्या वजनाची तीन मुले एकदम चढवावीत, असा तिचा अर्थ नाही.

घरासाठी गोल आकार बरा, कारण त्यावर उडी मारणारा आपोआप मध्याकडे ढकलला जातो; आयताकृती ट्रॅम्पोलीनची उसळी अधिक जोरकस, ती शिकाऊ कसरतपटूंना शोभते. स्प्रिंगांवरील फोमची गादी जाड असावी आणि कडेपर्यंत पुरती झाकणारी असावी. संरक्षक जाळी स्प्रिंगांच्या बाहेरून नव्हे, आतून लावलेली पाहून घ्यावी, म्हणजे पाय फटीत जात नाही. जाळी असली म्हणजे धोका टळला असे मात्र समजू नये. दोन मुलांची टक्कर जाळीच्या आतच होते.

आपल्या देशाचे हवामान ह्या वस्तूचा मोठा शत्रू. कोकणात किंवा केरळात खारट दमट वाऱ्याने स्प्रिंगा गंजतात; तेथे जस्ताचा चांगला मुलामा असलेलाच सांगाडा घ्यावा. विदर्भात, राजस्थानात उन्हाने जाळी विरते आणि बोटाने ओढताच तुटते, मग दुरून ती कितीही धड दिसो. वादळी वाऱ्यात सबंध ट्रॅम्पोलीन उचलले जाते, म्हणून ते जमिनीत खुंट्या ठोकून बांधावे. पावसाळ्यात तर सोडवून आत ठेवलेलेच उत्तम.

दुकानदाराला किमतीपूर्वी एवढे विचारावे, की जाळी, गादी आणि स्प्रिंगा पुढे सुट्या मिळतील काय. मिळणार नसतील, तर दुसरे दुकान पाहावे. आणि घरी आणल्यावर शिडी रोज खेळ संपताच काढून घरात ठेवावी. दुपारी सारे झोपले असता धाकटे मूल तिच्यावरूनच वर चढते.