गादी कोणाकडे?
डिसेंबरात हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या बाजारात नव्या हळदीला अवकाश असतो, तसाच आयपीएललाही. पेढ्यांवर संघांचे वाद रंगतात ते अशा रिकाम्या दिवसांतच. १५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माकडील कर्णधारपद हार्दिक पंड्याकडे सोपविले आणि त्या वादाला पेढीचीच भाषा लाभली. पाच विजेतेपदे मिळवून देणारा कर्ता दुकानात बसलेला असताना गादी दुसऱ्यास द्यावी काय? उलट, याच घरात वाढलेला, गुजरातला २०२२ मध्ये पहिल्याच हंगामात अजिंक्यपद देणारा मुलगा परतला, तर बिघडले कोठे? दोन्ही नय आपापल्या जागी खरे. गादी वेळेवर सोपविणे हा तर व्यापारातील शहाणपणाच. मात्र ते ज्येष्ठाच्या मुखाने जाहीर झाले, तर घर दुभंगत नाही.

१ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडविली. हा मतभेद नव्हता. भाषासमिती जाणणाऱ्या घरांना यास वाचिक हिंसा म्हणावे लागते. संघ त्या हंगामात तळाला, दहाव्या स्थानी राहिला. पुढे २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे अखेरचे षटक हार्दिकनेच टाकले. भारत जिंकला, रोहितने त्याला जवळ घेतले.