'तूफान'मधील नाना प्रभू

राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्या 'तूफान' (२०२१) या मुष्टियुद्धपटाची चर्चा झाली ती मुख्यतः फरहान अख्तर यांनी कमावलेल्या शरीराची. मेहनत निर्विवाद आहे. परंतु शरीर घडवणे ही अभिनयाची पूर्वतयारी, अभिनय नव्हे. रत्नागिरीत राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग पाहत वाढलेल्या आम्हांला धरून ठेवले ते परेश रावल यांच्या नाना प्रभूंनी.

नाना हे मराठी प्रशिक्षक. दहशतवादी हल्ल्यात पत्नी गमावल्यापासून मुसलमानांविषयीचा आकस त्यांच्या मनात घर करून आहे, आणि डोंगरीच्या अझीझ अलीला घडवतात तेच. हा आकस रावल गर्जून दाखवत नाहीत. मित्राशी गप्पा मारताना तो अनुभवी शहाणपणाच्या सुरात, सहज येतो. हा सूर आमच्या ओळखीचा आहे. आमच्याही ओसरीवर तो ऐकू येतो आणि आम्ही विषय बदलतो. त्यामुळे नानांना खलनायक ठरवून मोकळे होता येत नाही. मोहन आगाशे यांनी साकारलेला मित्र मात्र विषय बदलत नाही. मैत्री न सोडता नानांना टोकतो. आमच्या मते रिंगणातल्या साऱ्या ठोशांहून हे प्रसंग अधिक लागतात.

उत्तरार्धात संहिता लंगडते. अनन्याचा (मृणाल ठाकूर) चेंगराचेंगरीतला मृत्यू केवळ नायकाला रिंगणात परत आणण्यासाठी योजलेला वाटतो. नानांचे मनपरिवर्तनही लेखनात घाईने उरकले आहे. रावल मात्र ते सावकाश, काहीशा नाइलाजाने होऊ देतात.