नकाशा युरोपचा, निकष सोयीचा

नोव्हेंबर २००२ मध्ये फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी तुर्कस्तानला युरोपीय संघाचे दार बंद करू पाहणारे विधान केले. संघाच्या भावी घटनेचा मसुदा करणाऱ्या परिषदेचे ते त्या वेळी अध्यक्ष होते. तुर्कस्तानची राजधानी युरोपात नाही, बहुतांश लोकसंख्या युरोपबाहेर राहते, सबब तो युरोपीय देश नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. भूगोलाच्या पुस्तकातून उचललेला, वरकरणी बिनतोड.

पुढच्याच महिन्यात कोपनहेगनच्या शिखर परिषदेत सायप्रसच्या प्रवेशावर शिक्कामोर्तब झाले आणि १ मे २००४ रोजी तो देश सदस्य झाला. हे बेट आहे कोठे? तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर, सीरियाच्या समोर! संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी वर्गीकरणात त्याची गणना पश्चिम आशियात होते. तुर्कस्तानचा निदान तीन टक्के भूभाग तरी युरोपखंडात मोडतो. सायप्रसची राजधानी निकोसिया कोणत्या युरोपात आहे? तेथील बहुसंख्य समाज ग्रीक भाषी व ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहे आणि ग्रीस हे युरोप आपले उगमस्थान मानतो, हे खरे उत्तर. ते मात्र कोणी मोकळेपणाने उच्चारले नाही. उलट १९८७ साली मोरोक्कोने अर्ज केला, तेव्हा तो युरोपीय देश नाही म्हणून फेटाळला गेला. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी १४ किलोमीटर. पण तेथे समुद्र आडवा आला!

संस्कृतीच्या आधारे आपले कोण, परके कोण हे ठरविण्यात गैर काहीच नाही. समाज जोडले जातात ते भाषा, श्रद्धा आणि सामायिक स्मृतींनी, अक्षांश-रेखांशांनी नव्हे. युरोप व आशिया यांमधील उरल पर्वताची सीमाही अठराव्या शतकात स्ट्राहलेनबर्ग आणि तातिश्चेव यांनी रूढ केलेली, निसर्गाने नव्हे. आक्षेप आहे तो ढोंगाला. संस्कृतीचा निकष मागासलेपणाचा, असे जगाला पढवायचे आणि स्वतःच्या उंबरठ्यावर तोच निकष भूगोलाच्या बुरख्याआड वापरायचा, हा कोणता न्याय? तुर्कस्तानातील लोकशाहीची अवस्था, उत्तर सायप्रसमध्ये १९७४ पासून ठाण मांडून बसलेले त्याचे सैन्य, हे आक्षेप रास्तच आहेत. मग तेच मांडावेत. नकाशा कशाला पुढे करावा?

१९६३ साली अंकारा येथे करार होताना युरोपीय आयोगाचे अध्यक्ष हॉलश्टाइन यांनी तुर्कस्तान युरोपचाच भाग असल्याची ग्वाही दिली होती. २००५ मध्ये सुरू झालेली बोलणी २०१८ पासून ठप्प आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कॉकेशसच्या दक्षिणेकडील जॉर्जियाला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला, तेव्हा भिंतीवरचा नकाशा कोणीही उतरविला नाही.