काकूंचे नवे शिक्षण

आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. दगडी जोत्यावर दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांसाठी दोन लांब बाके आणि आतल्या खोलीत छताला भिडलेली कपाटे. दाराशी जे मेज आहे त्याच्यामागे बसून पुस्तकांची देवघेव करणाऱ्या बाईंना गावातील लहानथोर ‘काकू’ म्हणतात. मी वयाने त्यांच्याहून मोठा, तरी मीही त्यांना काकूच म्हणतो. एकतीस वर्षे त्या तेथे बसत आहेत. त्यांच्या उजव्या हाताला लहान लहान खणांचे एक लाकडी कपाट असे. प्रत्येक खणात जाड कागदाची पत्रे, त्यांच्या तळाशी भोक आणि त्या भोकांतून आरपार गेलेली एक सळई. लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव व दाखल क्रमांक प्रत्येक पत्रावर काकूंच्या वळणदार अक्षरात लिहिलेला.

खरे म्हणजे काकूंना स्वतःला त्या खणांची गरज क्वचितच पडे. “लाल पुठ्ठ्याचे, वर जहाज असलेले ते पुस्तक द्या,” असे म्हणत कोणी आला, की त्या उठत, तिसऱ्या कपाटाच्या खालच्या फळीकडे जात आणि नेमके तेच पुस्तक घेऊन येत. लेखक कोण, नाव काय, हे त्या वाचकास ठाऊक नसे. काकूंना ठाऊक असे.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या मंडळाने ठरविले, की सगळ्या ग्रंथांची यादी संगणकावर घ्यावी, म्हणजे आसपासच्या वाड्यांतील सभासदांना घरबसल्या, दूरध्वनीच्या पडद्यावर, पुस्तक आहे किंवा नाही हे पाहता येईल. त्यासाठी ‘कोहा’ नावाची संगणकप्रणाली निवडण्यात आली. तिचा जन्म न्यूझीलंडमधील होरोफेनुआ या भागातील लहान गावांच्या वाचनालयांसाठी झाला. त्यांची जुनी व्यवस्था २००० हे साल आल्यावर चालेनाशी होईल अशी भीती होती. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी नवी करवून घेतली, आणि ती आपल्यापुरती न ठेवता जगातील कोणत्याही वाचनालयास विनामूल्य वापरण्यास मोकळी केली. ‘कोहा’ हा माओरी भाषेतील शब्द आहे. त्याचा अर्थ भेट, नजराणा. एवढ्या दूरच्या खेड्यांची भेट आमच्या पडवीपर्यंत यावी, ही गोष्ट मला मोठी गोड वाटते.

परंतु गावात दोन तट पडले. माझ्या वयाचे काही सभासद म्हणाले, “जुने खण काय वाईट होते?” त्यांना मी एवढेच सांगेन, की खणांपाशी एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो, आणि त्यासाठी त्याला वाचनालयापर्यंत यावे लागते. आठ किलोमीटरवरच्या वाडीतून पायी येणाऱ्या मुलाला ‘पुस्तक बाहेर गेले आहे’ असे ऐकून परत फिरताना मी पाहिले आहे. ज्याने तो चेहरा पाहिला, त्याने नव्या साधनाविरुद्ध बोलू नये.

दुसरा तट अधिक पक्का होता. ते म्हणाले, “साधन आणा, पण काकूंच्या हाती देऊ नका. त्यांची निवृत्ती जवळ आली. एखादा तरुण मुलगा नेमा, तो महिनाभरात सगळे उरकील.” हे मत ऐकायला शहाणपणाचे वाटते. मला ते चुकीचे वाटते, आणि का वाटते ते सांगण्यासाठीच हा लेख मी लिहीत आहे.

प्रथम काकूंचे हाल ऐका. त्यांनी तरुणपणी मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली होती. टंकलेखनयंत्रावर ‘कविता’ हा शब्द उमटवावयाचा, तर ऱ्हस्व वेलांटी आधी व ‘व’ नंतर दाबावा लागे, कारण कागदावर वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते. संगणकाचा रिवाज उलटा आहे. तेथे जसे उच्चारावयाचे त्या क्रमाने, म्हणजे आधी ‘व’ आणि मग वेलांटी, अशी कळ दाबावयाची. वेलांटीला तिच्या जागी बसविण्याचे काम संगणक स्वतः करतो. काकूंची बोटे जुन्या वळणाची. त्यांनी वेलांटी आधी दाबली, की ती मागच्या ‘क’ला जाऊन चिकटे, आणि पडद्यावर ‘किवता’ असा शब्द उमटे. पहिल्या आठवड्यात त्यांनी साठ कवितासंग्रह नोंदविले आणि त्यांतील कित्येक ‘किवतासंग्रह’ झाले. आपण हसतो, पण लक्षात घ्या, की संगणकाला ‘किवता’ आणि ‘कविता’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. कोणी ‘कविता’ असे शोधले, तर ती पुस्तके त्याला सापडणार नाहीत. कपाटात असूनही ती नसल्यासारखी होतील.

चुका ध्यानात येताच काकूंनी ती साठही पुस्तके पुन्हा काढली व एकेक नोंद तपासून सुधारली. कोणी सांगितले नव्हते.

त्यांच्या मदतीला सातवीतील एक चुणचुणीत मुलगा संध्याकाळी येऊ लागला. मुलगा मनाचा चांगला. काकू अडखळल्या, की तो “द्या इकडे, मी करतो,” असे म्हणून त्यांच्या हातून माउस घेई आणि अर्ध्या मिनिटात काम करून दाखवी. काकू “वा!” म्हणत. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी त्या पुन्हा अडखळत, मुलगा पुन्हा माउस घेई. असे पंधरा दिवस चालले. शेवटी काकू त्याला म्हणाल्या, “बाळ, तू खूप शिकलास, मी मात्र होते तेथेच आहे. उद्यापासून हात पाठीमागे बांधून उभा राहा आणि नुसते तोंडाने सांग.” मुलगा ओशाळला, पण त्याने तसे केले. पहिले दोन दिवस त्याची फार घालमेल झाली. काकूंचा बाण पडद्यावर भलतीकडे भरकटे, आणि याचे खांदे हलत. परंतु त्या आठवड्यात काकू जेवढ्या शिकल्या, तेवढ्या आधीच्या पंधरा दिवसांत शिकल्या नव्हत्या.

हे पाहताना मला माझी स्वतःची एक गोष्ट आठवली. ती सांगावयास मला संकोच वाटतो. मी मुख्याध्यापक असताना शाळेचे सारे अर्ज संगणकावर भरावे लागू लागले. मी शिकलो नाही. एक तरुण शिक्षक भराभर सारे करीत, आणि मी सही करून मोकळा होई. माझ्या अडाणीपणाला मी ‘कामाची वाटणी’ असे भारदस्त नाव दिले होते. एका वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी ते शिक्षक आजारी पडले. एका मुलीचा अर्ज राहिला होता. संगणक समोर, मुलीची कागदपत्रे हातात, आणि मी दारापाशी कोणी येते का ते पाहत बसलो. मध्यरात्री मुदत संपली. त्या मुलीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात ती पहिल्या बाकावर नेहमीसारखी बसली होती. तिच्याकडे पाहून शिकविणे मात्र मला जमले नाही.

म्हणून जेव्हा कोणी म्हणतो, की वडील माणसांना नवे शिकण्याचा त्रास कशाला द्यावा, त्यांच्यासाठी दुसऱ्याने करावे, तेव्हा मला ती दया खरी वाटत नाही. ज्याचे काम, त्याच्या हाती त्या कामाचे साधन असले पाहिजे.

आता तरुण माणूस नेमण्याच्या मताकडे येतो. राम गणेश गडकरी हे नाव तुम्ही ऐकले आहे. त्यांनी नाटके आपल्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिल्या आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजे बालकवी. कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुत. आता संगणकाला विचारा, की गडकऱ्यांची पुस्तके दाखव. तो नाटके दाखवील. गोविंदाग्रज हे तेच गृहस्थ आहेत, हे त्याला कोणी शिकविले नसेल, तर त्याला कसे कळणार? तो झाडून साऱ्या नोंदी क्षणात चाळतो, पण त्याला गडकरी ठाऊक नाहीत.

आमच्या वाचनालयात हे प्रत्यक्ष घडले. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो. त्या निमित्ताने त्यांचे सर्व ग्रंथ एका मेजावर मांडावे, असे पहिल्या वर्षी ठरले. यादी नुकतीच संगणकावर आली होती. सगळे उत्साहात होते. ‘कुसुमाग्रज’ असे शोधले; ‘विशाखा’ आणि इतर कवितासंग्रह आले, ते मांडले. समारंभ पार पडला. पाहुणे निघताना काकू हळूच मला म्हणाल्या, “सर, ‘नटसम्राट’ राहिले की हो!” राहणारच होते. नाटकांवर नाव आहे वि. वा. शिरवाडकर. जुन्या खणात कुसुमाग्रजांच्या पत्रांच्या शेवटी काकूंनी एक जादा पत्र घातलेले होते; त्यावर एवढेच लिहिलेले होते : ‘हेही पाहा – शिरवाडकर, वि. वा.’ यादी संगणकावर चढविताना ते पत्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण ते कोणत्याच पुस्तकाचे पत्र नव्हते.

मग काकूंनी शोधून काढले, की नव्या व्यवस्थेतही एका नावाचा दुसऱ्या नावाशी असा धागा जोडता येतो. एखाद्या तरुणाने ती सोय दहा मिनिटांत शिकली असती, हे मी मान्य करतो. परंतु कोणते धागे जोडावयाचे, हे त्याला कोणी सांगितले असते? काकूंनी उन्हाळ्याचे दोन महिने दुपारी बसून हे काम केले. टोपणनावे जोडली. एकाच लेखकाचे नाव कोठे पूर्ण, कोठे नुसत्या आद्याक्षरांनी लिहिलेले होते, ते एकसारखे केले. ‘लाल पुठ्ठा, जहाज’ असली टिपणेदेखील कित्येक पुस्तकांच्या नोंदीत घातली. पुस्तके नव्याने बांधली जातील तेव्हा त्या टिपणांचे काय होणार, हे देव जाणे. या दोन महिन्यांबद्दल त्यांना वेगळा मोबदला मिळाला नाही. वाचनालयातील सेवकांना आपल्याकडे जे वेतन मिळते, ते त्यांच्या कामाला शोभणारे नाही, हे येथे लिहून ठेवतो. तुम्ही मोठे होऊन अशा मंडळांवर बसाल, तेव्हा आठवण असू द्या.

आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. शि. रा. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक होते. तिशी ओलांडल्यावर, १९२४ मध्ये, ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि ही सर्वस्वी निराळी विद्या त्यांनी इंग्लंडात जाऊन विद्यार्थ्यासारखी शिकून घेतली. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यांतील एक सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. काकूंना मी ते एकदा सांगितले. त्या म्हणाल्या, “वाचकाचा वेळ वाचतो तो खरा, पण तो कोणाच्या तरी वेळातूनच वाचतो.” रंगनाथनांना हे उत्तर आवडले असते असे मला वाटते.

यंदाच्या २७ फेब्रुवारीला पुन्हा मेज मांडावयाचे होते. पाचवीतील एक मुलगी पुस्तके काढण्यासाठी पुढे आली. तिने ‘कुसुमाग्रज’ असे नाव शोधले. कवितासंग्रहांची नावे आली, आणि त्यांच्याबरोबर एक ओळ दिसली. “काकू, हे शिरवाडकर कोण?” तिने विचारले. मी सांगावयास तोंड उघडणार, तोच काकूंनी मला नजरेने थांबविले. त्या मुलीच्या मागे उभ्या होत्या, आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. “त्या नावावर दाबून बघ,” त्या म्हणाल्या.