खाकी आणि काळा कोट यांच्या पलीकडे

पोलीस शिपाई भरतीची जाहिरात निघाली की नगर जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावची मैदाने पहाटेच गजबजू लागतात. सकाळी धावणे व गोळाफेक, रात्री सामान्यज्ञानाची पुस्तके, हा क्रम कित्येक पदवीधर तरुण तीन-तीन, चार-चार वर्षे नेटाने चालवितात. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. ढोबळ मानाने शंभर अर्जांमागे एकाला गणवेश मिळावयाचा आणि उरलेल्यांनी पुढच्या जाहिरातीची वाट पाहावयाची. बारावी उत्तीर्ण एवढीच जिची शैक्षणिक अट आहे, अशा जागेसाठी समाजशास्त्राचा, रसायनशास्त्राचा आणि वाणिज्याचा पदवीधर एकाच रांगेत उभा राहतो. त्याला दुसरे काही करता येत नाही असा याचा अर्थ नव्हे. गुन्हा आणि न्याय यांच्याशी संबंध असलेली दुसरी वाट आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. घरच्या वडीलधाऱ्यांच्या लेखी या क्षेत्रात पोशाख दोनच: खाकी, नाही तर काळा कोट.

गुन्हेशास्त्र हा विषय भारतात नवा नाही. सागर विद्यापीठाने १९५९ मध्येच गुन्हेशास्त्र व न्यायवैद्यक विज्ञानाचा विभाग काढला. धारवाड आणि मद्रास येथील विद्यापीठांतही तो शिकविला जातो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र व न्याय या विषयात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेता येते. परंतु संगमनेरच्या किंवा पाथर्डीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला यांपैकी किती नावे ठाऊक असतात? त्याच्या पदवीच्या अभ्यासक्रमात गुन्हा हा समाजशास्त्राच्या एखाद्या प्रकरणापुरता येतो आणि परीक्षेबरोबर विसरला जातो.

हे अज्ञान केवळ विद्यार्थ्याचेच नुकसान करते असे समजणे चूक ठरेल. नोव्हेंबर २०१७ या एकाच महिन्यात नगरच्या जिल्हा न्यायालयात दोन खटल्यांचे निकाल लागले. कोपर्डीच्या अल्पवयीन मुलीवरील अत्याचार व हत्येच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली. २०१४ साली खर्डा येथे १७ वर्षांच्या एका दलित मुलाची हत्या झाली होती. त्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. दोन्ही खटल्यांची तुलना करणे हे कायदेपंडितांचे काम आहे. तथापि सामान्य नागरिकालाही एवढे उमजते की, ज्याला निकालानंतर त्याच गावात, त्याच शिवारात राहावयाचे आहे अशा साक्षीदाराच्या तोंडी साक्षीवरच न्यायाचा सारा डोलारा उभा केला, तर तो दडपणाखाली केव्हाही कोसळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. योजना कागदावरून गावात उतरवावयाची तर साक्षीदाराशी बोलणारा, त्याच्या भीतीची मोजदाद करणारा शिक्षित माणूस लागतो. आणि भौतिक पुरावा गोळा करण्यासाठी विज्ञान जाणणारा माणूस लागतो.

ही दुसरी गरज आता कायद्यानेच मान्य केली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे बंधनकारक होणार आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. ती जुलै २०२९ च्या सुमारास संपते. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत कोठेही खून पडला तरी तज्ज्ञ वेळेत पोहोचावयाचा, तर असे किती तज्ज्ञ लागतील याचा हिशेब कोणीही करावा. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे न्यायवैद्यक शास्त्राच्या शासकीय संस्था आहेत. गांधीनगरला या विषयाचे राष्ट्रीय विद्यापीठ आहे. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांची वाट मोकळी आहे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी शोधणाऱ्या नगरच्या विज्ञान पदवीधराला ती फारशी परकी वाटण्याचे कारण नाही.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या साऱ्या चर्चेत स्वतःला पाहुणा समजतो. वास्तविक या जिल्ह्यात त्याच्याइतके निकडीचे काम दुसऱ्या कोणासाठी क्वचितच असेल. सहकाराची ही भूमी. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना निघाला तो येथेच. आणि येथेच शंभरीपार केलेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. कर्जवाटपातील गैरव्यवहाराच्या आरोपांचा तपास पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे कवच आहे. त्यापुढची रक्कम ज्यांची अडकली, त्यांत निवृत्तीची पुंजी ठेवणारे शिक्षक आहेत, कारकून आहेत. पतसंस्थांच्या ठेवीदारांना तर विम्याचे हे कवचही नाही. अशा प्रकरणांत चोर भिंत फोडून आत येत नाही; तो मूल्यांकनाच्या अहवालात असतो, गहाणखतात असतो, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविलेल्या रकमेत असतो. लाठी घेऊन त्याच्या मागे धावता येत नाही. त्यासाठी ताळेबंद वाचता यावा लागतो, सातबारा उतारा व कर्जखाते एकमेकांशी ताडून पाहता यावे लागते. महाराष्ट्राने ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी १९९९ मध्ये कायदा केला. मालमत्ता जप्त करून, विकून ठेवीदारांना पैसे परत देण्याची तरतूद त्यात आहे. पण मालमत्ता जप्त करण्यापूर्वी ती कोणाच्या नावे दडविली आहे हे कोणी तरी शोधावे लागते, आणि त्या शोधाला लागणारा वेळ म्हातारा ठेवीदार आपल्या आयुष्यातून मोजतो. हिशेबाचे असे शोधक लेखापरीक्षण हा आज स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. सनदी लेखापालाची परीक्षा ज्यांना झेपत नाही, त्यांनाही सहकार खात्यात, बँकांच्या दक्षता विभागांत, लेखापरीक्षकांच्या कार्यालयांत या कामाचा भाग उचलता येतो. आमच्या वाणिज्य महाविद्यालयांत अफरातफर कशी पकडावी हे शिकविण्यास अडचण कोणती, हे समजत नाही. उदाहरणे शोधावयास दूर जाण्याची गरज नक्कीच नाही!

कला शाखेसाठी जे क्षेत्र आहे, ते सर्वांत दुर्लक्षित आहे. अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ चा आहे. २१ वर्षांखालील अपराध्याला, गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल तर, शक्यतो तुरुंगात धाडू नये, आणि त्यासाठी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, असे तो कायदा सांगतो. बाल न्याय अधिनियमानुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यावयाचा असतो. मुलगा शाळा का सोडून बसला, बाप ऊसतोडीला गेला की घरी कोण असते, भिल्ल किंवा पारधी वस्तीवरचे पोर केवळ जातीवरून संशयात ओढले गेले काय, या प्रश्नांची उत्तरे त्या अहवालात यावयाची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला, तरी श्रीगोंदे-कर्जतच्या पारधी कुटुंबांमागची संशयाची नजर अद्याप हटलेली नाही. अशा ठिकाणी कोऱ्या छापील अर्जात भरलेला चार ओळींचा अहवाल आणि समाजशास्त्र जाणणाऱ्याने वस्तीवर जाऊन लिहिलेला अहवाल, यांत एका मुलाच्या आयुष्याइतके अंतर असते.

तुरुंगांचेही तसेच. २०२२ अखेर देशातील कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असे. नव्या संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच आरोपी झालेल्यास, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर बंधपत्रावर सोडण्याची सोय केली आहे. पण ही मुदत कोणाची भरली हे पाहणारा माणूस हवा. टाटा संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाण्यांत व तुरुंगांत हेच काम करीत आला आहे. या जिल्ह्यातील विसापूरला खुले कारागृह आहे, नगर शहरात सीएसआरडी ही समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था आहे, १९८९ पासून काम करणारे ‘स्नेहालय’ आहे. अभ्यास व अनुभव यांची इतकी साधने एका जिल्ह्यात क्वचित असतात.

वकिलीची वाट परिचितच आहे, तिच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. इतकेच की, मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे. ज्याच्या घरी ही तीन वर्षे पोसण्याची ऐपत नाही, त्याने हा हिशेब आधी करावा. गरीब आरोपींचे खटले चालविणारी लोक अभिरक्षक कार्यालये आता जिल्ह्यांच्या ठिकाणी निघाली आहेत. नवोदित वकिलाला तेथे मानधनासह काम शिकता येते.

मात्र वाट आहे म्हणजे नोकरी आहे असे नव्हे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. मागणी असणे आणि मागणीमागे पैसा उभा असणे या अर्थशास्त्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समाजाला परिविक्षा अधिकारी हवेत, शासन पदे भरताना हात आखडता घेते, भरली तर अनेकदा कंत्राटी आणि तुटपुंज्या मानधनाची. ही पदे नियमित वेतनावर वेळच्या वेळी भरली जात नाहीत, तोवर ‘गुन्हेशास्त्र पदविका’ असे फलक लावून हजारो रुपये शुल्क घेणाऱ्या वर्गांपासून विद्यार्थ्यांनी सावध राहावे. भरती-अकादम्यांच्या बाजाराला आणखी एका बाजाराची जोड नको.

महाविद्यालयांना मात्र शासनाच्या तिजोरीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालेल्या नव्या शैक्षणिक धोरणाने दुय्यम विषय, क्षेत्रप्रकल्प व प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक दिले आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सहकार निबंधकांचे कार्यालय, बाल न्याय मंडळ यांच्याशी पत्रव्यवहार करून पंधरा-वीस विद्यार्थ्यांची पहिली तुकडी एका सत्रात उभी करता येईल. तेवढाही विलंब ज्यांना नको आहे, त्या विद्यार्थ्यांसाठी जिल्हा न्यायालय आहेच. लैंगिक अत्याचारासारखे बंद दाराआडचे खटले सोडले तर फौजदारी कामकाज उघड्या न्यायालयात चालते. मागच्या बाकावर बसून उलटतपासणी ऐकावयास कोणतीही जाहिरात निघावी लागत नाही.