चार मीटरांची मर्यादा आणि आमचे गुडघे

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण खर्चाविषयी आहे हे आम्ही जाणतो. तथापि आमच्या बाबतीत ती जन्मभर शब्दशः लागू पडत आली आहे. आमची उंची ६ फूट ४ इंच आणि वजन ११८ किलो. प्रस्तुत लेखात आम्ही स्वतःचा निर्देश ‘आम्ही’ असा करतो, त्यात मोठेपणा मिरविण्याचा हेतू नाही. आर.टी.सी.च्या बसमध्ये दोघांच्या बाकावर आम्ही एकटेच मावत असू, तेव्हापासून हे बहुवचन आम्हास चिकटले आहे.

विषय हास्यास्पद वाटेल, म्हणून प्रथम एक प्रसंग सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही एक लहान मोटार घेतली. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. विक्रेत्याच्या दालनात आमचे गुडघे सुकाणूला टेकले तेव्हा तेथील तरुण आदबीने म्हणाला, “सार, थोडं अ‍ॅडजस्ट करा, सवय होऊन जाते.” आम्हीही मान डोलावली. पुढे एका पावसाळी संध्याकाळी गुडीहत्नूरच्या अलीकडे महामार्गावर दुभाजकावरून एक म्हैस अचानक खाली उतरली. ब्रेक दाबण्यासाठी आम्ही पाय उचलू गेलो, तो गुडघा सुकाणूखाली अडकला. अर्धा क्षण गेला. म्हैस वाचली, आम्ही वाचलो, गाडीचा डावा दिवा तेवढा फुटला. शेजारी सौभाग्यवती बसल्या होत्या. घरी पोहोचेपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लेकीने किल्ली उचलून आपल्याकडे ठेवली. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर आणि नागपूर सुमारे २००. दवाखाना असो की सोयरिक, आम्हा सीमेवरच्या घरांना या दोन दिशांवाचून गत्यंतर नाही. किल्ली गेली म्हणजे अर्धे आयुष्य गेले.

या प्रसंगानंतर स्नेही मंडळींनी एकमुखाने सल्ला दिला की वजन कमी करा. सल्ला उत्तम आहे. परंतु वजन घटविल्याने मांडीचे हाड आखूड होत नाही. आमचा मुद्दा नेमका हाच आहे. शरीर वाहनाच्या मापाने घडविता येत नाही. वाहन मात्र शरीराच्या मापाने घडविता येते, आणि एके काळी ते घडविले जात होते.

आपल्या पूर्वजांनी पैनगंगा ओलांडली ती बैलगाड्यांतून. दमणीत गादी टाकून माणूस पाय लांब करून बसे. धक्के बसत, पण गुडघे मोकळे असत. जुन्या वाड्याच्या दिंडीतून आत जाताना वाकावे लागे हे खरे. मात्र आत गेल्यावर चौक असे. आजच्या मोटारीत वाकून शिरावे लागते आणि शिरल्यावरही वाकूनच राहावे लागते.

आमच्या सेवाकाळातील अम्बॅसडर अनेक वाचकांस आठवत असेल. तिचा ब्रेक जड, सुकाणू जड, इंधनाची भूक दांडगी. तिचे दोष आम्ही झाकणार नाही. परंतु तिचे आसन खुर्चीसारखे उंच होते आणि छप्पर डोक्यापासून दूर होते. पाच फुटांचा कारकून आणि सव्वासहा फुटांचा अधिकारी दोघेही तीत सारख्याच प्रतिष्ठेने बसत. २०१४ साली उत्तरपारा येथील तिचे उत्पादन थांबले. तिची लांबी सव्वाचार मीटरांहून थोडी अधिक होती, म्हणजे आजच्या करव्यवस्थेत ती ‘मोठी गाडी’ ठरली असती.

ही करव्यवस्था समजून घेण्याजोगी आहे. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान मोटार कोणती? जिची लांबी ४ मीटरांच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सी.सी., डिझेलचे असल्यास १५०० सी.सी.पर्यंत. वस्तू व सेवा कर आला तरी ही व्याख्या टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतील गाडीस १८ टक्के आणि त्याबाहेरील गाडीस ४० टक्के कर आहे. करापूर्वीची किंमत ८ लाख धरली तर एकीवर १ लाख ४४ हजार आणि दुसरीवर ३ लाख २० हजार. फरक १ लाख ७६ हजारांचा. सेवानिवृत्ताने हा फरक कोठून आणावा? कारखानदारांनीही कात्री चालविली. २००८ साली इंडिगो सीएस आणि २०१२ साली स्विफ्ट डिझायर या गाड्या ४ मीटरांत बसविण्यासाठी आखूड करण्यात आल्या. अंथरूण आता विणकर ठरवीत नाही, कायदा ठरवितो.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्याने करामागचा हेतू आम्हास समजतो. लहान गाडी इंधन कमी खाते, रस्ता कमी अडविते आणि बेताच्या मिळकतीच्या माणसाला परवडते. हे आम्हास मान्य आहे. पण मग इंधन मोजा, धूर मोजा, वजन मोजा. केवळ बाहेरून टेप लावून आतल्या माणसाला शिक्षा का?

येथे कारखानदार कायद्याआड लपू पाहतील. त्यांस आमचा प्रश्न आहे: लांबी कराने अडविली, उंची कोणी अडविली? जपानमध्ये ‘केई’ वर्गाच्या मोटारींना लांबीची मर्यादा ३.४ मीटर आहे, आपल्याहून कितीतरी कडक. उंचीला मात्र तेथे २ मीटरपर्यंत मुभा आहे. म्हणून तेथील कारागिरांनी छप्पर वर नेले आणि आसन उंच केले. आसन उंच झाले की पाय खुर्चीवरच्याप्रमाणे खाली सोडता येतात आणि पुढची जागा आपोआप कमी लागते. आपल्याकडची वॅगन आर ही त्याच घराण्यातली. २००८ साली रतन टाटांनी दाखविलेली नॅनो बाहेरून मारुती ८०० पेक्षा सुमारे ८ टक्के लहान आणि आतून २१ टक्के मोठी असल्याचा कंपनीचा दावा होता. त्या गाडीचे पुढे जे व्हायचे ते झाले, पण लहान गाडीत मोठी जागा निघू शकते एवढे तरी सिद्ध झाले.

मग आज काय चालले आहे? छप्पर मागे उतरते ठेवायचे, कारण ते देखणे दिसते. त्यात काचेची खिडकी बसवायची आणि डोक्यावरची दोन-तीन बोटे जागा खायची. आमच्या जिल्ह्यात मे महिन्याच्या उन्हात ती खिडकी कोण उघडतो, हे आम्हास अद्याप उमगलेले नाही. आणि जे सुकाणू पुढे-मागे सरकते, ते प्रायः महागड्या प्रकारातच द्यायचे. ज्या सोयीवर पायाची हालचाल आणि पर्यायाने जीव अवलंबून आहे, ती चैन कशी?

सुरक्षेच्या परीक्षेचेही असेच. २०२३ साली ‘भारत एनकॅप’ सुरू झाले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु समोरून धडक देण्याच्या चाचणीत पुढच्या आसनांवर जो पुतळा बसवितात तो मध्यम बांध्याच्या पुरुषाचा, सुमारे १७५ सेंटिमीटर उंचीचा आणि ७८ किलो वजनाचा असतो. त्या पुतळ्याला मिळालेले तारे आमच्या गुडघ्यांना लागू पडतील काय? पाच फुटांहून कमी उंचीच्या आमच्या वहिनींना तरी पडतील काय? त्यांना ब्रेकपर्यंत पाय पोहोचविण्यासाठी आसन इतके पुढे ओढावे लागते की सुकाणू छातीशी येते. तेव्हा ही तक्रार एकट्या उंचांची नाही. जो जो मधल्या मापात बसत नाही, त्या सर्वांची आहे.

दोष आम्हा गिऱ्हाइकांकडेही आहे. गाडी घेताना आपला पहिला प्रश्न ‘किती देते?’ आणि दुसरा ‘रंग कोणता?’ हा असतो. बसायचे कसे, हे कोणी विचारत नाही. दालनातल्या त्या तरुणाला आम्हीच ठणकावून ‘नाही’ म्हणावयास हवे होते. भिडेपोटी मान डोलावली, त्याची किंमत जवळजवळ प्राणांनी मोजली.

म्हणून आमची मागणी थोडक्यात अशी. कराची व्याख्या लांबीवरून काढून इंधन व धूर यांवर न्यावी. माहितीपत्रकात आसनापासून छपरापर्यंतची उंची आणि आसन मागे किती सरकते, हे आकडे छापावेत. मागे-पुढे होणारे सुकाणू सर्व प्रकारांत असावे. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरात उंच मुले आहेत त्यांनी खरेदीपूर्वी अर्धा तास गाडीत बसावे. आसन पूर्ण मागे घेऊन, पादत्राणे घालून, पाय गतिवर्धकावरून ब्रेकवर दहा वेळा न्यावा. एकदा जरी गुडघा अडखळला, तरी गाडी कितीही देखणी असो, नमस्कार करून बाहेर पडावे.

आम्ही स्वतः अखेर एक जुनी, उंच छपराची गाडी घेतली. शेजारी तिला डबा म्हणतात. म्हणोत. लेकीने शेजारी बसून पैनगंगेच्या पुलापर्यंत आमची परीक्षा घेतली आणि परत आल्यावर किल्ली आमच्या हाती दिली.